आठ कला आणि ईश्वर: शोध घेणं ही भक्ती असू शकते का?

मंगळवेध

मंडळी, केप्लरबद्दल पुष्कळ दिवसांपासून लिहायचं मनात होतं. शाळेत आपण त्याचे ग्रहांच्या फिरण्याचे तीन नियम पाठ करतो, परीक्षेत लिहितो आणि विसरतो. तो त्या नियमांपर्यंत पोचला कसा, हे मात्र क्वचितच कुणी सांगतं. मला त्याच्या आयुष्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच वाटते.

१६०० साली केप्लर प्रागजवळ टायको ब्राहेकडे कामाला गेला. दुर्बीण तेव्हा आलेली नव्हती. टायकोने मोठमोठ्या कोनमापक यंत्रांवर, नुसत्या डोळ्यांनी, वर्षानुवर्षं ग्रहांच्या जागा टिपल्या होत्या. अंशाचा साठावा भाग म्हणजे एक कला. टायकोच्या नोंदी एकदोन कलांपर्यंत नेमक्या होत्या. पौर्णिमेचं चंद्रबिंब साधारण तीस कला रुंद दिसतं, त्यावरून अंदाज करा.

केप्लरच्या वाट्याला मंगळ आला. ग्रह वर्तुळातच फिरणार, ही समजूत दोन हजार वर्षांची. कोपर्निकसनेही ती सोडली नव्हती. केप्लरने तीच धरून मंगळाची कक्षा बसवायला घेतली आणि तो हिशेब किमान सत्तर वेळा केला, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. गणित जवळजवळ जमलं, पण सगळ्या बाजूंनी तपासलं तेव्हा काही ठिकाणी मंगळ गणितापेक्षा आठ कला बाजूला निघाला. त्याआधीच्या ज्योतिषात दहा कलांपर्यंतचा फरक चालून जायचा. टायको १६०१ मध्येच वारला होता. आठ कला पोटात घातल्या असत्या तर विचारणारं कुणी नव्हतं.

त्याने त्या पोटात घातल्या नाहीत. कारण म्हणून त्याने जे लिहिलं, त्यासाठी मी हा धागा काढतेय. त्याचा आशय असा: देवाच्या कृपेने आपल्याला टायकोसारखा काटेकोर निरीक्षक मिळाला, तेव्हा ही देणगी कृतज्ञतेने स्वीकारून ती वापरणं आपलं कर्तव्य आहे, या आठ कलांकडे दुर्लक्ष करता येत नाही, म्हणून त्याच सगळं खगोलशास्त्र नव्याने उभारायची वाट दाखवतील. वर्तुळ सुटलं, अंडाकृती आकार आला, तोही सुटला आणि शेवटी लंबवर्तुळ हाती लागलं. १६०९ मध्ये पहिले दोन नियम छापून आले.

विज्ञानातली भक्ती म्हणतात ती मला इथे दिसते. आकाशाकडे बघून ऊर भरून येतो, तेवढ्यात ती आली असं मी मानत नाही. ऊर सगळ्यांचाच भरून येतो. आपल्या लाडक्या कल्पनेच्या आड आठ कला आल्या की माणूस काय करतो, त्यात त्याची श्रद्धा दिसते. हे जग मी केलेलं नाही, मग ते माझ्या सोयीने का चालेल, एवढी नम्रता त्याच्या अंगात मुरलेली होती.

याच माणसाला लिंझला त्याच्या स्वतःच्या पंथाने पवित्र भोजनाच्या विधीतून वगळलं. ट्यूबिंगेनला धर्मशास्त्र शिकलेला आणि धर्मोपदेशकच व्हायचं ठरवलेला हा माणूस. पण पंथाच्या मसुद्यातल्या एका मुद्द्यावर मनापासून सही करता येईना म्हणून त्याने ती केली नाही. पुढे आईवर चेटकीण असल्याचा खटला झाला, ती वर्षभराहून अधिक काळ कैदेत होती. केप्लरने तिचा बचाव केला आणि १६२१ मध्ये ती सुटली. तिसरा नियम त्याला सापडला १६१८ मध्ये, म्हणजे हा खटला चालू असतानाच.

आणखी एक. केंब्रिजची कॅव्हेंडिश प्रयोगशाळा १८७४ मध्ये उघडली. तिचा पहिला प्राध्यापक मॅक्सवेल. तिच्या जुन्या दरवाजावर बायबलमधल्या स्तोत्राची ओळ लॅटिनमध्ये कोरलेली आहे: प्रभूची कामं थोर आहेत, ज्यांना त्यांत आनंद वाटतो ते त्यांचा शोध घेतात. १८९७ मध्ये जे. जे. थॉमसनने इलेक्ट्रॉन शोधला तो याच प्रयोगशाळेत.

आपल्याकडे, आपल्या पुण्यात, असा विचार करणारी माणसं होती का? आणि हे म्हणणं तुम्हाला पटतं का? पटत नसेल तर जरूर लिहा.

कुतूहल_कोथरूड

सुंदर लिहिलंय ताई. आठ कलांची गोष्ट मला माहीतच नव्हती. वाचतेय.

निरीश्वर

केप्लरबद्दलचा आदर शंभर टक्के मान्य. पण त्यात देव मधे आणायची गरज काय? तो प्रामाणिक होता, एवढं पुरेसं आहे.

एक उदाहरण देतो. १९७९ चं भौतिकीचं नोबेल अब्दुस सलाम, स्टीव्हन वाइनबर्ग आणि शेल्डन ग्लॅशो यांना मिळून मिळालं. विद्युतचुंबकीय बल आणि क्षीण बल ही एकाच बलाची दोन रूपं आहेत, हे त्या कामाचं सार. सलाम श्रद्धावान मुसलमान. मेजवानीच्या भाषणात त्यांनी कुराणातल्या आयती म्हटल्या: सृष्टीत कुठे उणीव दिसते का बघ, पुन्हा बघ, तुझी नजर दिपून आणि थकून परत येईल. वाइनबर्ग तर जाहीरपणे निरीश्वरवादी. विश्व जितकं कळत जातं तितकं ते हेतूशून्य वाटतं, असं त्यांनी लिहिलं आहे. दोघे स्वतंत्रपणे त्याच सिद्धान्तापर्यंत पोचले. समीकरणांत कुठेही सलामांचा देव नाही आणि वाइनबर्गचा नकारही नाही. मग भक्तीने नेमकी कुठली भर घातली?

मंगळवेध

@निरीश्वर, उदाहरण नेमकं आहे. भक्तीशिवाय विज्ञान होत नाही असं मी म्हणत नाही. वाइनबर्गकडे बघितल्यावर ते म्हणताही येणार नाही. माझं म्हणणं उलट बाजूने आहे. सलामांसाठी ते काम उपासनाच होतं. समीकरणात देव दिसत नाही म्हणून त्यांची उपासना खोटी ठरत नाही. देहूचा रस्ता डांबराचाच असतो, त्यावरून वारकरी जातो आणि दुधाची गाडीही जाते.

इंद्रायणीकाठ

माउली, लेख आवडला, पण मला एक अडचण आहे. आमच्या घरात वारी आहे, वडिलांपासून. वारीत मी काही शोधायला जात नाही. मला तो माहीत आहे, मी भेटायला जातो. तुम्ही म्हणता तो शोध उत्तम, पण त्यात समोरून कुणी बोलत नाही. मंगळ केप्लरला काही म्हणाला नाही. ज्याच्यापुढे रडता येतं, भांडता येतं, तो देव. नियम सापडला म्हणून तो भेटला असं होत नाही. जिज्ञासेला भक्ती म्हणताना भक्तीतला हा जिव्हाळ्याचा भाग गळून पडतो, असं मला वाटतं.

मंगळवेध

माउली, तुम्ही म्हणता तो जिव्हाळा गळून पडता कामा नये, हे अगदी मान्य. म्हणूनच केप्लर मला जवळचा वाटतो. तिसरा नियम ज्या ग्रंथात आला (१६१९), त्याच्या पाचव्या भागाच्या शेवटाकडे त्याने सरळ प्रार्थना लिहिली आहे, देवाला उद्देशून. तुझ्या कृतींच्या सौंदर्याने भुलून मी उद्धटपणा केला असेल, तुझ्या गौरवासाठी असलेल्या कामात माणसांमध्ये स्वतःचा मोठेपणा मिरवायचा मोह मला झाला असेल, तर मला क्षमा कर, असा तिचा भाव आहे. कोष्टकं आणि प्रमाणं यांच्यामागोमाग ही प्रार्थना येते. मंगळ त्याच्याशी बोलला नाही, हे खरं. पण तो मात्र सगळा वेळ कुणाशी तरी बोलत होता.

वारी आणि वेध एकच आहेत असं मात्र मी म्हणणार नाही. तो फरक तुम्ही दाखवलात ते बरं केलंत.

तिथीपाहणारा

पुण्याचं विचारलंत म्हणून लिहितो. हे उत्तर पंचांगात आहे.

तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्यातलं बारा अंशांचं अंतर. अंतर बाराने वाढलं की तिथी बदलली. म्हणजे एकादशी कधी लागली हे आकाशातच ठरतं. पण पंचांग करणारे जुन्या करणग्रंथांवरून, म्हणजे पंचांगाच्या गणिताच्या तयार पुस्तकांवरून, गणित करायचे. त्यातला मोठा आधार गणेश दैवज्ञांच्या १५२० च्या ग्रंथाचा. ग्रंथ फार कुशलतेने रचलेला आहे, पण तीनशे वर्षांत बारीक फरक साठत गेले. तिथीची वेळ काही घटका चुकायची. ग्रहणाची वेळ चुकली तर गल्लीतल्या पोरालाही ती दिसते.

पुण्यात केरो लक्ष्मण छत्रे होते (१८२५ ते १८८४). गणिताचे प्राध्यापक, टिळकांचे गुरू. त्यांनी युरोपातल्या ताज्या वेधांवर आधारलेली ग्रहगणिताची कोष्टकं १८६० मध्ये मराठीत छापली आणि १८६५ च्या सुमारास त्यावरून नवं पंचांग सुरू झालं. ते पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखलं जातं. विरोध व्हायचा तो झालाच. पूर्वजांचं गणित सोडून साहेबाचं गणित घ्यायचं, आणि तेही धर्मकृत्यासाठी? यावर दुरुस्तीवाल्यांचा शब्द एकच होता, दृक्प्रत्यय. गणिताने आलेला ग्रह डोळ्यांना त्याच जागी दिसला पाहिजे.

केप्लरच्या आठ कला त्या ह्याच, असं मला तुमचा लेख वाचताना सारखं वाटत होतं. छत्र्यांच्या बाजूच्या लोकांची भक्ती कमी नव्हती. एकादशी खरोखरच्या एकादशीला व्हावी, हीच त्यांची तळमळ. ज्याला व्रत मनापासून करायचं आहे त्याला आकाश नीट मोजावंच लागेल. पुढे शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी भारतीय ज्योतिषाचा सगळा इतिहास मुळापासून तपासून पुण्यातूनच १८९६ मध्ये प्रसिद्ध केला. कुठला ग्रंथ कधीचा, कुणी काय मोजलं, कुठे चुकलं, सगळं स्पष्ट. आपल्याकडे सगळं आधीपासून होतंच, असं हल्ली फार सहज म्हटलं जातं. दीक्षितांनी ज्या कष्टाने एकेका ग्रंथाचा काळ ठरवला, त्या कष्टात पूर्वजांबद्दलचा आदर जास्त आहे.

कुतूहल_कोथरूड

अवांतर विचारते. आमच्या ओळखीत एका घरी टिळक पंचांग पाळतात, त्यांचे गणपती काही वर्षी महिनाभर आधी बसतात. तेही या दृक्प्रत्ययामुळेच का?

तिथीपाहणारा

नाही, आणि हा भेद महत्त्वाचा आहे. तिथी कधी संपली हे आकाश सांगतं. पण राशिचक्र नेमकं कुठल्या बिंदूपासून मोजायचं, हे आपण ठरवायचं असतं. टिळक पंचांग रेवती नक्षत्राच्या योगतारेपासून (मुख्य तारेपासून) मोजतं, बाकीची बहुतेक पंचांगं चित्रा तारेच्या आधाराने. दोन आरंभबिंदूंत जवळपास चार अंशांचा फरक पडतो. त्यामुळे सूर्याचं संक्रमण आधी किंवा नंतर येतं आणि एखाद्या वर्षी अधिक मास वेगळा पडतो. इथे दुर्बीण लावून निकाल लागत नाही, एकमत करावं लागतं. आकाशाला काय विचारायचं आणि माणसांनी काय ठरवायचं, हे वेगळं ठेवलं नाही की पंचांगाचे वाद पिढ्यान्‌पिढ्या चालतात.

गणेशखिंड

तिथीपाहणारांच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. त्यात एक नाव जोडतो. कावसजी दादाभाई नायगमवाला. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात, म्हणजे नंतरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात, १८८८ मध्ये त्यांनी वेधशाळा उभी केली. भावनगरच्या महाराजा तख्तसिंहजींनी देणगी दिली होती. वीस इंची परावर्ती दुर्बीण, त्या काळी भारतातली सगळ्यात मोठी. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी ते सोलापूर भागातल्या जेऊरला यंत्रं घेऊन गेले. ते निवृत्त झाले तशी १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकॅनलला गेली. शिवाजीनगरहून जाताना मला दर वेळी ती आठवते. शहराने ही माणसं जास्त लक्षात ठेवायला हवीत.

आता मूळ मुद्दा. ताई, तुमची कसोटी मला मान्य आहे, पण ती पुण्यातच लावून बघू. नारळीकर सर आणि खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल आयुष्यभर महास्फोटाच्या, म्हणजे विश्वाला एक स्फोटक आरंभ होता या सिद्धान्ताच्या, विरोधात उभे राहिले. १९६५ मध्ये पेन्झियस आणि विल्सन यांना विश्वभर पसरलेली सूक्ष्मलहरी प्रारणं सापडली, ती महास्फोटाची खूण मानली गेली, तेव्हा बहुतेकांनी स्थिर विश्वाची, म्हणजे विश्वाला आरंभच नाही ही, कल्पना सोडून दिली. या दोघांनी सोडली नाही. १९९३ मध्ये बरबिजांसोबत त्यांनी तिचं नवं रूप मांडलं. तुमच्या आठ कला इथे लावल्या तर काय दिसतं?

मंगळवेध

अवघड प्रश्न आहे, आणि नारळीकर सरांबद्दल बोलताना माझं मन तटस्थ नसतं. आयुका ही पुण्यातली खगोलशास्त्राची संस्था १९८८ मध्ये उभी राहिल्यापासून या शहरातल्या किती मुलांना त्यांच्यामुळे आकाश कळलं! २०२५ च्या मे महिन्यात ते गेले तेव्हा घरातलं कुणी गेल्यासारखं वाटलं. तरीही प्रश्न टाळत नाही.

माझ्या मते पुरावा महास्फोटाच्या बाजूने आहे. पण हॉइल-नारळीकरांनी त्या प्रारणांकडे पाठ फिरवली नाही. ती कशी निर्माण झाली असतील याचं दुसरं स्पष्टीकरण त्यांनी दिलं: ताऱ्यांचा प्रकाश अवकाशातल्या लोहाच्या सुईसारख्या बारीक कणांनी शोषून पुन्हा बाहेर टाकला असेल. म्हणजे तपासता येईल असं काहीतरी त्यांनी समोर ठेवलं. ते बहुतेकांना पटलं नाही. पण निरीक्षण दडपणं आणि निरीक्षणाचा वेगळा अर्थ लावून तो तपासायला देणं, यांत मला मोठं अंतर दिसतं. सगळे एका बाजूला गेल्यावर उरलेल्या बाजूने कुणीतरी कसून प्रश्न विचारत राहणं हेही विज्ञानाला हवं असतं.

समोरच्या बाजूला लमेत्र होते. कॅथलिक धर्मगुरू आणि प्रसरणाऱ्या विश्वाचं गणित मांडणाऱ्या पहिल्या काही जणांपैकी एक (१९२७). १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी विश्वाच्या आरंभाचं विज्ञान म्हणजे जणू सृष्टिकर्त्याचा पुरावा, अशा अर्थाचं भाषण केलं. आनंद व्हायला हवा होता ना लमेत्रना? त्यांना ते आवडलं नाही. आपला सिद्धान्त धर्माच्या बाजूचा साक्षीदार म्हणून उभा करू नये, असं त्यांचं मत होतं आणि ते त्यांनी व्हॅटिकनपर्यंत पोचवलं. पुढच्या वर्षी खगोलशास्त्रज्ञांच्या परिषदेपुढे बोलताना पोपनी तो दावा पुन्हा केला नाही. स्वतःच्या देवासाठीसुद्धा निरीक्षणावर ओझं टाकायचं नाही! केप्लरनंतर मला सगळ्यात जास्त आदर या माणसाबद्दल वाटतो.

निरीश्वर

लमेत्रची गोष्ट मस्त आहे, त्यांच्यापुढे मीही मान तुकवतो. माझं मत बदललेलं नाही, पण असे श्रद्धावान असतील तर माझं भांडण नाही. माझं भांडण पत्रिका बघून लग्न मोडणाऱ्यांशी आहे. २००८ मध्ये नारळीकर सर आणि दाभोलकरांनी मिळून ज्योतिषांची चाचणी घेतली होती: पत्रिकेवरून मूल हुशार आहे की मतिमंद, हे ओळखायचं. निकाल नाणं उडवून मिळतो त्यापेक्षा बरा आला नाही.

तिथीपाहणारा

त्या चाचणीला माझा पूर्ण पाठिंबा. दृक्प्रत्यय म्हणताना ग्रहाची जागाही तपासायची आणि ग्रहावरून केलेलं भाकीतही. पहिलं तपासायला तयार आणि दुसऱ्याला हात लावू देणार नाही, असं करून चालत नाही.

कुतूहल_कोथरूड

माझी लेक आठवीत आहे. तिने विचारलं, आई, सगळं कळलं की देवाचं काम संपेल का? तिला आयुकात फुकोचा लंबक (पृथ्वी फिरते हे दाखवणारा मोठा लंबक) दाखवायला नेलं होतं, त्यानंतरचा हा प्रश्न. मी काय सांगू?

मंगळवेध

उत्तर देण्याआधी तिला एक गणित द्या. ध्रुवावर लंबकाचं डोलण्याचं प्रतल साधारण चोवीस तासांत पूर्ण फिरतं, विषुववृत्तावर फिरतच नाही. पुण्याचा अक्षांश साडेअठरा. चोवीसला त्याच्या ज्येने (साइनने) भागा, साधारण पंच्याहत्तर तास येतात. मग पुन्हा जाऊन, तासाभरात लंबक पाचेक अंश सरकतो का ते तिचं तिलाच बघू द्या. खोलीत बसून पृथ्वी फिरताना मोजता येते, हे एकदा स्वतः केलं की सगळं कळून संपण्याची भीती राहत नाही, असा माझा वर्गातला अनुभव आहे. एक कळलं की पुढचे चार प्रश्न उभे राहतात.

इंद्रायणीकाठ

मीही तिला एक सांगेन. आमच्याकडे पांडुरंगाला काम असतं म्हणून कुणी त्याच्याकडे जात नाही. त्याचं काम संपलं तरी आम्ही जाऊच.

गणेशखिंड

वा, माउली!

आणि लेकीला खोडदला जरूर न्या. पुण्याहून नाशिक रस्त्याने साधारण ऐंशी किलोमीटर, नारायणगावपासून आत. गोविंद स्वरूप यांनी उभारलेल्या तीस रेडिओ दुर्बिणी, एकेक पंचेचाळीस मीटर व्यासाची. चौदा मधोमध, बाकीच्या इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर पंचवीस किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. ताटलीला पत्रा नाही, तारेची जाळी आहे. त्यामुळे वजन कमी, वारा आरपार जातो आणि खर्चही आटोक्यात राहतो.

हायड्रोजनचा अणू एकवीस सेंटिमीटरची रेडिओलहर सोडतो. ती इतकी क्षीण असते की दूरच्या आकाशगंगांमधली ऐकू येणं फार कठीण. २०२३ च्या जानेवारीत जाहीर झालं की खोडदच्या दुर्बिणींनी अशी एक लहर पकडली. ती निघाली तेव्हा विश्वाचं वय आजच्या निम्म्याहूनही कमी होतं. वाटेत विश्व प्रसरण पावत गेलं, एकवीसची अठ्ठेचाळीस सेंटिमीटर झाली. मधल्या एका आकाशगंगेच्या गुरुत्वाकर्षणाने ती सुमारे तीस पट मोठी करून दिली, म्हणून ती पकडता आली. ८.८ अब्ज वर्षं प्रवास करून ती जुन्नर तालुक्यात पोचली, हे वाचलं त्या दिवशी मी देवाला नमस्कार केला. निरीश्वर, तुम्ही काय केलंत?

निरीश्वर

पेपर उतरवून घेतला आणि रात्रभर वाचला.

मंगळवेध

दोघांनाही माझा नमस्कार. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या सुमारास, खोडदला लोकांसाठी दुर्बिणी बघायची सोय असते. दुर्बिणींच्या परिसरात मोबाईल बंद ठेवायचा, कारण त्याच्या लहरी आकाशातून येणाऱ्यांपेक्षा कितीतरी प्रबळ असतात. यंदा कोण कोण येणार ते इथेच लिहा, म्हणजे शिवाजीनगरहून एकत्र निघता येईल. माउली, आळंदीहून येणार असाल तर चाकणला गाडीत घेऊ.

इंद्रायणीकाठ

येतो. नातवालाही आणतो.